टोचन लावून आणलेली गाडी

चावी घेऊन गेलेला माणूस चावी घेऊनच परत आला, तेव्हाच नंदाने काय ते ओळखलं. एरवी दौलत घरात शिरला की हातातलं काही ना काही खुंटीला लागायचं आणि पाठोपाठ "चहा ठेव" यायचं. त्या शनिवारी संध्याकाळी त्याने चावी मुठीतच धरून ठेवली आणि इस्त्रीचा खाकी शर्टही न काढता खाटेवर बसून राहिला. सकाळी तोच शर्ट घालून, केसांना तेल लावून तो निघाला होता तेव्हा वरात आणायला निघाल्यासारखा दिसत होता. सेक्रेटरीच्या मागे लागून त्याने बिल्डिंगच्या फाटकाजवळची जागा मोकळी करून घेतली होती. खालच्या मजल्यावरच्या सोनलने रांगोळीचा डबा काढून ठेवला होता. सगळ्या मानपाड्याला ठाऊक होतं की आज दौलतच्या दारात गाडी येणार.

"सुरू होत नाही," एवढंच तो म्हणाला.

गाडी म्हणजे ती पांढरी पिकअप. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत दौलतने एकोणतीस वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यातली शेवटची नऊ याच गाडीवर. कंपनी बंद पडली तशी गाडी शेडमध्ये उभी राहिली, ती दोन वर्षं तिथेच. आता जुने मॅनेजर त्र्यंबकसाहेब शेड रिकामी करायला निघाले आणि गाडी विकायची ठरली. ती घेतली अक्षदाने, दौलतच्या मुलीने, स्वतःच्या कमाईतून आणि स्वतःच्या नावावर.

एमआयडीसीतल्या कंपन्यांचे बॉयलर सूट आणि हातमोजे गोळा करायचे, धुवायचे आणि परत पोचवायचे, असा तिचा धंदा. सुरुवात घरातल्या एका मशीनवर झाली होती. तेव्हा त्या डागांचा, केमिकलचा वास घरभर असायचा आणि नंदा नाकाला पदर लावून पोळ्या लाटायची. आज एका गाळ्यात चार मोठी मशीन होती आणि सहा बायका कामाला येत होत्या. माल मात्र अजून भाड्याच्या रिक्षातून फिरायचा. पुढच्या सोमवारपासून तीन नव्या कंपन्या मिळाल्या होत्या आणि तेवढा माल रिक्षात मावणारा नव्हता.

गाडी घेण्याआधी मेकॅनिकला दाखवू, असं अक्षदा म्हणाली होती. दौलतला ते फार लागलं होतं. "माझ्या हातची गाडी आहे ती. दहा वर्षं उभी राहिली तरी एका चावीत सुरू होईल," असं तो चारचौघांत बोलून गेला. आपण जिची एवढी काळजी घेतली तिने दोन वर्षं आपल्याशिवाय काढली आहेत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. नंदाच्या आलं होतं. पण नवऱ्याच्या तोंडावर इतका आनंद तिने कंपनी बंद पडल्यापासून पाहिला नव्हता, म्हणून ती गप्प बसली. त्याबद्दल ती आता स्वतःवर चिडली होती.

रविवारी सकाळी सगळी पंचायत तिच्या स्वयंपाकघरात भरली. अक्षदा, तिचा धाकटा भाऊ ऋतुराज, नाक्यावरचा मेकॅनिक संदेश, आणि भिंतीला टेकून बसलेला दौलत. शेडला संध्याकाळी पाचला कुलूप लागणार होतं. त्याआधी गाडी बाहेर काढायची होती, आणि बाहेर रस्त्यावर सोडली तर सकाळपर्यंत तिची चाकं जागेवर राहतील याची हमी कोणी देत नव्हतं.

ऋतुराजने फोनवर गाडी उचलून नेणारे तिघे-चौघे शोधले होते. आख्खी गाडी पाठीवर घेऊन येणारा ट्रक होता, पण रविवारचा त्याचा भाव ऐकून अक्षदाने फोन त्याच्या हातातून काढूनच घेतला. विम्यातून फुकट ओढून देतात म्हणे, असं तो म्हणाला, तर विमा कधीच संपला होता. मशीन पोचवून रिकामे परतणारे ट्रक स्वस्तात घेऊन येतात, हे दौलतला माहीत होतं आणि त्याने कालच दोघांना विचारूनही ठेवलं होतं. एक बुधवारी येतो म्हणाला, दुसऱ्याने फोन उचलला नाही. संदेशचं म्हणणं सरळ होतं. डिझेल खराब झालंय, पंप चिकटलाय, तिथे रस्त्यावर उघडायचं काम नाही. कशीही करून गाडी माझ्या गॅरेजला आणा, दोन दिवसांत आणि थोडक्या पैशांत सुरू करून देतो.

"मग टोचन लावू," अक्षदा म्हणाली. म्हणजे पुढच्या गाडीने मागची ओढत आणायची. "त्यालाच सगळ्यात कमी लागतं."

ओढायला कोणाची गाडी, हे कोणी विचारलं नाही. घरातल्या प्रत्येकाला एकच टेम्पो ठाऊक होता. तो होता कल्याणला कोळसेवाडीत, आणि त्याचं नाव या घरात अकरा वर्षं निघालं नव्हतं.

तो महिपतचा टेम्पो. महिपत दौलतचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्याने तो जुना टेम्पो घेतला, पूजेला सगळ्यांना बोलावलं आणि नारळ फोडून झाल्यावर सगळ्यांसमोर धाकट्याला म्हणाला, नोकरी सोड, ये माझ्या जोडीला, दोघं मिळून चालवू. सरळ नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. दौलत म्हणाला, "मी मालकाच्या गाडीत बसणारा माणूस आहे, दादा. तुझ्या भंगारात कोण बसणार?" हसण्यावारी म्हणाला, पण पूजेचं कुंकू ओलं होतं आणि माणसं ऐकत होती. त्या दिवसापासून महिपतने या घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि माफी मागायची तर कशी, हे दौलतला आजवर सुचलं नाही. दोघा भावांमध्ये अक्कल भरपूर होती, पण एकमेकांच्या बाबतीत ती चालत नव्हती.

बायकांचं तसं नव्हतं. नंदा आणि तिची मोठी जाऊ तुळसा दर आठवड्याला फोनवर बोलायच्या. लोणच्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायच्या, फक्त नवऱ्यांचा विषय टाळायच्या. आज पहाटे पाणी भरता भरता नंदाने तो विषय पहिल्यांदा काढला. तुळसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघते. नंदाला पोरीची गाडी दारात हवी होती आणि नवऱ्याची मानही खाली जायला नको होती. दोन्ही एकदम कसं जमायचं, हे मात्र तिला दिसत नव्हतं.

अक्षदाने सगळ्यांसमोर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मोठे काका, अक्षदा बोलतेय. माझी गाडी वागळेला अडकलीय. टोचन लावून आणायचीय. याल का?"

पलीकडे टेम्पोचं इंजिन धडधडत होतं. ते बंद झालं.

"तुझा बाप आहे का तिथं?"

"आहेत. ऐकतायत."

"मग त्याला विचार, भंगाराने ओढलेली चालेल का."

संदेश उगाच आपल्या पान्याकडे बघायला लागला. अक्षदाने बापाकडे पाहिलं, पण मध्ये बोलली नाही, आणि नंदाला तिचं तेच आवडलं. दौलतने हातातल्या चावीकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तो फोनकडे न बघता पोरीला म्हणाला, "त्याला सांग, दोर नको. बायपासच्या उताराला दोर घात करतो. लोखंडी टोचन पाहिजे."

"त्याला सांग," पलीकडून आवाज आला, "सकाळीच टाकलंय टेम्पोत."

दौलतने वळून बायकोकडे पाहिलं. नंदाला नेमकं तेव्हाच डाळीत काहीतरी निवडायचं आठवलं.

वागळेला पोचले तर महिपत त्यांच्या आधी हजर होता. शेडमध्ये उकिडवा बसून पिकअपच्या पुढच्या हुकात बोट घालून बघत होता. केस पार पांढरे झालेले, खांदे उतरलेले. अकरा वर्षांत माणूस किती म्हातारा होतो, हे फोनवरून कळत नाही. दौलत दारातच थबकला आणि नंदाला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. पण तो सरळ जाऊन टायर तपासायला लागला.

तिथून पुढे दोघांमधलं सगळं बोलणं नंदाच्या डोक्यावरून गेलं, अगदी खरोखर. ती मध्ये उभी आणि दोघे तिला उद्देशून बोलणारे. त्याला सांग, गिअर न्यूट्रल ठेव. त्यांना सांग, मला माहितीय. त्याला सांग, चावी फिरवून ठेव, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल.

"त्यांना सांग, एकोणतीस वर्षं गाडी चालवलीय मी."

"चालू गाडी चालवलीस म्हणावं. बंद गाडीला अक्कल वेगळी लागते."

"मी कोणाला काही सांगणार नाही," नंदा म्हणाली. "मला दोघांचंही ऐकू येतंय, म्हणजे तुम्हालाही येत असणार."

संदेशने हवा भरली, अडकलेली चाकं ठोकून मोकळी केली. सहा फुटी लोखंडी दांडा दोन्ही गाड्यांना पिन घालून बसवला. उरला प्रश्न इशाऱ्यांचा. पिकअपची बॅटरी पार उतरली होती, म्हणजे हॉर्न नाही की दिवा नाही. ऋतुराज म्हणाला, सिंपल आहे, तुम्ही दोघं कॉलवर राहा ना. दोघा भावांनी त्याच्याकडे एकसारख्याच नजरेने पाहिलं, तेव्हा तो स्कूटर काढायला गेला.

"फोन नको," महिपत म्हणाला. "त्याला सांग, एक ठोका थांब, दोन ठोके चल. विसरला नसेल तर."

विसरेल कसा? दौलत सतरा वर्षांचा असताना माळशेजच्या घाटात महिपत ट्रक चालवायचा आणि दौलत त्याचा क्लीनर होता. मागे उभं राहून पत्र्यावर हात मारायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे रस्ता मोकळा आहे, चल. गाडी चालवायलाही त्याला महिपतनेच शिकवलं होतं. नंदाने लग्नानंतर पहिल्या वर्षात ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तिला त्या घाटाची वळणंसुद्धा पाठ होती.

अक्षदा पुढे काकाजवळ बसली. ऋतुराज आणि संदेश स्कूटरवर मागे, लाल फडकं बांधून. नंदाने पिकअपचं दार उघडलं, तेव्हा दौलत म्हणाला, तू रिक्षाने जा, यात धोका आहे. ती म्हणाली, धोका आहे म्हणूनच बसते, आणि बसली.

साकेतच्या पुलापर्यंत काही वाटलं नाही. इंजिनाचा आवाज नसलेली गाडी चालताना विचित्र वाटत होती, पण ती चालत होती. खारेगाव मागे पडलं आणि मुंब्रा बायपासचा चढ आला, तसा पुढचा टेम्पो कण्हायला लागला. काळा धूर निघाला, वेग मंदावला, मागून ट्रकवाले हॉर्न देत अंगावर यायला लागले. नंदाने सीटची कड घट्ट धरली. दौलत स्टेअरिंगवर पुढे झुकला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"दुसरा टाक, दादा," तो पुटपुटत होता. "दुसरा टाक, आता टाक."

टेम्पोने गिअर बदलला आणि गचका देऊन वर चढायला लागला. अकरा वर्षांत दौलतच्या तोंडून दादा हा शब्द नंदाने ऐकला नव्हता. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं, कारण ऐकलंय असं दाखवलं असतं तर त्याने तो गिळून टाकला असता.

खरी परीक्षा उताराला होती. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि मागची गाडी पुढचीला ढकलत सुटते. दौलत दोन्ही पाय ब्रेकवर घालून जवळजवळ उभाच राहिला होता. मानेवरच्या शिरा टरारल्या होत्या, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. अर्ध्या उतारावर मागून आलेला एक ट्रेलर त्यांना खेटून पुढे घुसायला लागला. महिपतला तो आरशात दिसायचा नाही, मध्ये पिकअप होती. दौलतने उजवा हात खिडकीतून बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर एकच ठोका हाणला.

पुढचा टेम्पो लगेच मंदावला, धक्का न देता. ट्रेलर धडधडत निघून गेला. दौलतने आरशात पाहिलं, थोडा थांबला आणि दोन ठोके दिले. टेम्पो निघाला. एवढ्या गदारोळात म्हाताऱ्या भावाला तो आवाज कसा ऐकू आला असेल, याचं नंदाला नवल वाटलं. मग लक्षात आलं, तो दुसरं काही ऐकतच नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते सरळ पदराने पुसले.

शिळफाट्याला हवालदाराने बाजूला घेतलं. त्याने आधी पुढच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मागच्याकडे, आणि विचारलं, ही मागची गाडी कोणाची?

अक्षदा कागदांची पिशवी घेऊन खाली उतरली. "माझी."

"मालक कोण?"

"मीच मालक." तिने एकेक कागद काढून दाखवला, लोखंडी टोचन दाखवलं, मागचं लाल फडकं दाखवलं, गॅरेज किती लांब आहे ते सांगितलं. आवाज चढवला नाही की अजिजीही केली नाही. हवालदाराने डावीकडून सावकाश जायला सांगून सोडून दिलं. नंदाला वाटलं, आत्ता उतरून त्या माणसाला सांगावं की ही माझी पोरगी, हिच्या हाताला अजून साबणाने चिरा पडतात.

"ऐकलंत का?" ती नवऱ्याला म्हणाली.

"ऐकलं." दौलत काचेतून पोरीकडे बघत होता. "म्हणजे मी अजून मालकाच्याच गाडीत बसलोय." आणि कालपासून पहिल्यांदा तो हसला.

काटई गेलं, मानपाडा आला. ठरलं असं होतं की आधी दारात पूजा आणि मग गाडी संदेशच्या गॅरेजला. ऋतुराजने पुढे जाऊन वर्दी दिली होती, त्यामुळे बिल्डिंगच्या फाटकापाशी माणसं जमली होती. सोनलची रांगोळी काढून झाली होती. सेक्रेटरी स्वतः जागा अडवून उभा होता. ओढून आणलेल्या गाडीला पाहून कोणीतरी हसेल अशी नंदाला धास्ती होती, पण पोरं टाळ्या वाजवत धावत आली.

फाटकाच्या दोन हात अलीकडे टेम्पो थांबला. इंजिन चालूच होतं. महिपतने खिडकीतून डोकं काढून अक्षदाला सांगितलं, इथं टोचन काढा आणि आत ढकलत न्या, चार पोरं आहेत. मला कोळसेवाडीला जायचंय.

अक्षदाने मागे वळून बापाकडे पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलं होतं. नंदाच्या तोंडावर आलं होतं की भाऊजी, असं दारातून जाऊ नका. पण हे तिने बोलून उपयोग नव्हता. आज दिवसभर तिने खूप निरोप पोचवले होते, हा एक तिच्याकडचा नव्हता.

संदेश पिन काढायला पुढे वाकला.

दौलतचा हात बाहेर गेला. दोन ठोके.

संदेश वाकलेला तसाच थांबला. टेम्पो हलला नाही. आरशात महिपतचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते मागेच बघत होते. दौलतने पुन्हा हात मारला, आधीपेक्षा जोरात, इतका की पत्रा दणाणला. दोन ठोके. मग तो खिडकीतून अर्धा बाहेर झुकला.

"दादा, रस्ता मोकळा आहे," तो म्हणाला. "चल आत."

मग टेम्पोचा गिअर पडला, आणि जुना, कडेकडेने गंजलेला तो टेम्पो पांढऱ्या पिकअपला घेऊन फाटकातून आत शिरला.

अक्षदाने ताट आणलं. ती पिकअपकडे निघाली होती, पण मध्येच वळून टेम्पोपाशी गेली आणि पहिलं कुंकू तिने त्याच्या पुढच्या पत्र्याला लावलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. महिपत खाली उतरून तिच्याकडे बघत राहिला, नाक ओढत, हात पँटला पुसत.

दौलतला मात्र उतरता येईना. उतारभर ब्रेकवर उभं राहून त्याच्या मांड्यांत गोळे आले होते. त्याने दार उघडलं आणि पाय खाली सोडून तसाच बसून राहिला. महिपत चालत मागे आला. दोघे भाऊ एकमेकांसमोर आले, आणि नंदाने मधून बाजूला व्हावं म्हणून आपल्या बाजूचं दार उघडलं.

"उतर की रे, क्लीनर," महिपत म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

दौलतने चावी काढून अक्षदाकडे दिली आणि मोकळ्या झालेल्या हाताने भावाचा हात धरून तो खाली उतरला.